मानाची जोडी

टाकळी (पो. सोनाळा)
१० जुलै १९६३

चि. शालूले गुलाबमामाचा आशीर्वाद.

तुह्यं नाव लॉ कॉलेजात लागलं, हे तुह्या मायच्या पत्रातून समजलं. आपल्या खानदानात कोर्टाची पायरी चढलेले लय झाले, पन सगळे आरोपी म्हून. वकील तूच पह्यली. म्हून एक काम सांगतो.

जानेवारीपासून सरकारनं पाटीलकी बंद केली, तुले ठाऊकच असन. पंजाबराव पाटील आता आपल्यासारखा साधा काश्तकार. अन मी, भाजीपाला पिकवनारा माळी, गावाचा सरपंच. आता पुढच्या महिन्यात पोळा हाये. तू पोळा पाह्यला तवा चार वर्साची होती, मामीच्या मांडीवर झोपून गेली. म्हून सांगतो. गावातल्या सगळ्या बैलजोड्या वेशीपाशी तोरनाखाली उभ्या राह्यतात. तोरनाच्या दोराचा एक शेंडा लिंबाले बांधेल, दुसरा कोतवालाच्या हातात. पाटलाची जोडी पुढं आली का कोतवाल दोर सोडते, तोरन खाली पडते, अन पोळा फुटते. मंग बाकीच्यायच्या जोड्या. आपली माळ्यायची सगळ्यात मांगं.

मी दहा वर्साचा असन. बाबाची जोडी बुजली अन पाटलाच्या पुढून निंघून गेली. पंजाबरावच्या बापानं माह्या बापाले त्याच लिंबाले बांधलं अन चाबकानं सोललं. बंडी कातड्याले चिकटली होती, मायनं तेल टाकून टाकून काढली. बैलाची शेपटी बी तोडली. दुसऱ्या दिवशी बाबाच जाऊन पाटलाच्या पाया पडला. जलमभर आंघोळीच्या टायमाले मी ते पाठ पाह्यली.

आता माहा पोरगा मोतीराम म्हंते, सरपंच तुमी, मान आपला, जोडी आपली पह्यली. पाटलाचा शेषराव म्हंते, आमच्या पुढं जो बैल जाईन त्याचे शिंगं करवतीनं उतरवतो. मांगच्या हप्त्यात त्यानं आपल्या वांग्याच्या वाफ्यात ढोरं घातले. मोतीराम कुऱ्हाड घेऊन निंघाला होता. मी त्याचा पाय धरून पडलो, तवा थांबला.

तू सांग, घटनेत काय हाये? मान कोनाचा? शाळेत मास्तरनं घटनेचं पह्यलं पान वाचलं होतं. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. पह्यले तीन मले समजले. चौथं कायद्यानं कसं आनतात, ते बी लिही.

तुहा
गुलाबमामा

*

नागपूर
१६ जुलै १९६३

ती. मामांना शालूचा नमस्कार.

मामा, तुमचं पत्र वाचून मी रात्रीचं जेवण विसरले! आई ओरडली. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका झाल्या तर मोतीरामला हसू देऊ नका.

पंजाबरावांच्या वडिलांनी तुमच्या वडिलांचं जे केलं ते मी तीनदा वाचलं. त्या माणसाला त्याच लिंबाला बांधून तेवढेच फटके द्यायला हवे होते, असं मला वाटलं. मग घटनेचं पुस्तक उघडलं.

आर्टिकल चौदा. कायद्यापुढे सगळे सारखे. पंधरा. जात, जन्म यावरून भेदभाव नाही. अठरा. किताब रद्द. मामा, मग मान पाटलाचा नाही, आणि रागावू नका, पण सरपंचाचाही नाही! तुमची जोडी पहिली गेली तर फक्त पाटील बदलला. मान कोणाचाच नाही. म्हणून सगळ्या जोड्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि एकदम निघायचं. तोरण एवढं लांब करा की सगळे त्याखाली मावतील. मी खाली चित्र काढलंय.

आणि कोतवालाच्या हातात दोर कशाला? तो कोणासाठी सोडायचा हे एका माणसाने का ठरवायचं? सत्ता एका हातात असली की तिथेच घोळ होतो, हे आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले. दोन्ही टोकं खांबांना पक्की बांधा. सगळ्यांनी मिळून तोडा.

चौथ्या शब्दाची काळजी करू नका. पहिले तीन आले की चौथा आपोआप येतो.

तुमची
शालू

*

टाकळी
३० जुलै १९६३

चि. शालूले आशीर्वाद.

तुह्यं पत्र ग्रामसभेत वाचलं. मारुतीच्या पारावर बसाले जागा नोहती. तुह्यं चित्र सगळ्यायनं हातात घेऊन पाह्यलं, कोनी उलटं, कोनी सुलटं.

पंजाबराव म्हने, "गुलाब, आता नागपूरची पोट्टी सांगन का आमाले, बैल कसे धराचे?"

मी म्हनलं, "पोट्टी नाई सांगत पाटील, घटना सांगते."

"मंग घटनेलेच म्हना, ये अन धर कासरा."

लय हासले लोकं. आपला उत्तमराव कोतवाल रडकुंडीले आला. म्हने, "अन मी काय करू बाप्पा? तीस वर्स दोर धरला, आता नुसता उभा राहू?" मोतीराम म्हने, "तू पोळ्याचे गाने, झडत्या म्हन, तुहा गळा चांगला हाये." मंग मोतीरामनंच तिथल्या तिथं एक झडती जोडली:

*वांग्याच्या वाफ्यात शिरला वळू,*
*पाटीलकी गेली, आता नका रळू!*

शेषराव उठला, बाह्या वर केल्या. मले वाटलं आता डोकं फुटते. पन पंजाबरावनं पोराले खाली बसवलं अन बोलला, "होऊ द्या एकदम. होऊ द्या सारखं. पाहू समता कशी दिसते." सगळ्यायनं हात वर केले. ठराव पास!

मी सरपंच झालो त्या दिवशी एवढी खुशी झाली नोहती, खरं सांगतो. दोन्ही शेंडे सागाच्या खांबाले बांधतो, तू म्हनली तसे. दोर नवा, तिपेडी वळाले देल्ला.

मामीनं खाली लिहाचं म्हनलं. प्रौढ वर्गात जाते ना, हात शिवशिवतो.

गुलाबमामा

*शालू, बैल दोर दिसला की शिंग उचलते. दोर कोनाच्या तरी हातात असू दे. ढिला सोडनारा पाहिजे. मनकर्णामामी.*

*

नागपूर
६ ऑगस्ट १९६३

ती. मामांना आणि मामींना नमस्कार.

ठराव पास!! मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. सर म्हणाले, असं गाव पाहायला हवं. मला पोळ्याला यायचं होतं, पण परीक्षा आहे. मोतीरामला सांगा, झडती झकास, पण "रळू" काय? यमकासाठी शब्दाचा मुडदा!

मामी, तुम्ही लिहिलंत, किती छान अक्षर आहे. पण घाबरू नका. आतापर्यंत दोर दुसऱ्याच्या हातात होता म्हणून तुम्हाला तसंच बरोबर वाटतं. सवय आहे ती. सवयी मोडल्याशिवाय काही बदलत नाही.

सोबत पार्सल पाठवलंय. आपल्या सोन्या-राज्या बैलांच्या शिंगांना लावायला पितळी शेंब्या, इतवारीतून घेतल्या. दुकानदार म्हणत होता गोल बोंडाच्या घ्या. मला टोकदार आवडल्या. उन्हात भाल्यासारख्या चमकतात. सगळे सारखे, पण आपली जोडी जरा जास्त देखणी दिसली तर घटनेची हरकत नसावी!

सगळं लिहून कळवा. काही म्हणजे काही सोडू नका.

शालू

*

नागपूर
२२ ऑगस्ट १९६३

मामा,

तार आली. "मोतीराम वारला. गावात जमावबंदी. येऊ नका." एवढंच. आई तार हातात घेऊन अंगणात बसली ती अजून उठली नाही. बाबा तिला निघू देत नाहीत, रस्त्यात पोलीस अडवतात म्हणतात.

कसा वारला? चोवीस वर्षांचा मुलगा. मामा, कसा?

शालू

*

टाकळी
१ सप्टेंबर १९६३

शालू,

मले लिहाचं सुचत नोहतं म्हून उशीर झाला.

सगळे एका वळीत उभे होते. बैलायले झुली, बाशिंगं, घुंगरं. उत्तमरावनं झडती म्हनली, लोकायनं हर हर केलं. वाजा वाजला अन शेषरावनं वाट न पाह्यता आपल्या जोडीले तुतारी मारली. तुतारी म्हंजे हाकाची काठी, शेंड्याले लोखंडाची आर असते. बैलाच्या पुठ्ठ्यातून रक्त निंघालं. ते जोडी उसळली, तिच्या मांगं सगळ्या. इकून तिकून बैलच बैल. दोर तुटला नाई. शिंगं दोरात अडकले, मांगचे बैल पुढच्यायच्या अंगावर चढले. एका खोंडाची मान मोडली त्याचा आवाज आयकू आला. शालू, लोहाराच्या पोराचा पाय बैलाखाली गेला, घोट्यापासून पाय उलटा झाला. मंग मानसायनं मानसायले माराले सुरुवात केली. गाड्यायचे दांडे, उभाऱ्या उपसल्या, कुऱ्हाडी आल्या. माह्या पुतन्यानं पाटलाच्या गड्याचा जबडा फोडला, दात मातीत पडले. कोन कोनाले मारते, काई समजत नोहतं. तोरनाचे आंब्याचे पानं रक्तात भिजले होते.

मोतीराम खाली पडेल होता. बरगडीच्या खाली भोक. मी तिथं बोट ठेवलं तर बोट आत गेलं. शेषराव बाजूलेच उभा, हातात तुतारी. "बाबा" म्हनला मोतीराम, मंग नाई बोलला.

शेषरावनं भोसकला त्याले. मी पोलिसाले तसं सांगतलं. डाक्टर म्हंते भोक अनकुचीदार वस्तूचं. शेषरावले नेलं, खामगावच्या कोर्टात केस चालन.

शालू, आता तुह्या घटनेचं काम हाये. चांगला वकील पाह्य. जबानी कशी देवाची ते लिहून धाड. मले त्याले फासावर पाह्याचं हाये. त्याच्या आज्यानं माह्या बापाची पाठ सोलली तवा कोनतं कोर्ट बसलं होतं? आता बसू दे. आता होऊ दे समता.

गुलाबमामा

*

नागपूर
८ सप्टेंबर १९६३

मामा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. कपाटात कुलपात ठेवलंय.

फाशीच. मी रोज रात्री त्या शेषरावचा गळा माझ्या हातांनी दाबते आणि झोप येत नाही. आम्ही शिकतो ते सगळं शांत, थंड असतं. मला थंड राहता येत नाहीये. पाटलाचा मुलगा असो नाहीतर राज्यपालाचा, कायद्यापुढे सारखा म्हणजे सारखा.

बाबांचे मित्र मोठे वकील आहेत, ते यायला तयार आहेत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. तुतारीची आर किती लांब आहे? आणि भोसकताना तुम्ही स्वतः पाहिलं ना? पहिल्या उत्तराची वाट बघू, म्हणाले, पण दुसऱ्यात जरासुद्धा अडखळू नका. अडखळलं की शेषराव सुटला. म्हणून मामा, रोज मनाशी म्हणत राहा: मी पाहिलं, मी पाहिलं.

शालू

*

टाकळी
१७ सप्टेंबर १९६३

शालू,

हे पार्सल तुह्या मामाले न सांगता धाडलं. उघडलं असन तर आतली वस्तू तुले ओळखू आली असन. तूच धाडली होती ना.

पोळ्याच्या दिवशी मी धावत गेली अन मोतीरामले मांडीवर घेतलं. माह्या हाताले टोचलं. भोकात पितळ होतं. तुहा मामा येवाच्या आंधी मी उपसलं. माह्या लेकराच्या आंगातून मीच उपसलं. सोन्याच्या डाव्या शिंगाची शेंबी. सोन्या दोरात अडकला होता, त्याचे डोये पांढरे झाले होते, मुंडकं झटकत होता. मोतीराम त्याले सोडवाले गेला होता. आपल्या बैलाले सोडवाले गेला माहा पोरगा.

तुतारी शेषरावच्या हातात होती, हे खरं. त्यानं वाट पाह्यली नाई, हे बी खरं. पन त्यानं मोतीरामले हात नाई लावला. तो बी दोरच ओढत होता.

मी मामाले शेंबी दाखवली. म्हने, लपव. मंग गोठ्यात गेला. सोन्याच्या पुढं कुऱ्हाड घेऊन उभा राह्यला. सोन्यानं त्याचा हात चाटला. मामानं कुऱ्हाड गोठ्याच्या खांबात मारली. एवढी मारली का खांब चिरला. पन बैलाले नाई मारलं. अन म्हनला, कोनाले तरी मराच लागन.

आता मामा रोज खाटेवर बसून "मी पाह्यलं, मी पाह्यलं" म्हंते. तुह्यं पत्र आल्यापासून.

शेषरावची माय विहिरीवर भेटली. माह्या हातातली घागर तिनं भरून देल्ली, मी ओतून देल्ली.

शेंबी घरात ठेवनं होत नाई माह्यानं. फेकनं बी होत नाई. तू ठेव. काय कराचं ते तू पाह्य.

मनकर्णामामी

*

नागपूर
२१ सप्टेंबर १९६३

मामा,

शेंबी माझ्यासमोर टेबलावर आहे. मी ती धुतलेली नाही.

मामींवर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर. दुकानदार गोल घ्या म्हणाला होता. मामी दोर हातात असू दे म्हणाल्या होत्या. मी नागपुरात बसून, कधी बैलाचा कासरा न धरता, तुम्हाला चित्र काढून दिलं. मी लिहिलं होतं, सत्ता एका हातात नको. पण तो हात सत्तेचा नव्हता मामा, सोडण्याचा होता. हे मला आत्ता समजलं आणि मोतीरामला त्याचा काही उपयोग नाही.

आणि वर मीच तुम्हाला लिहिलं, "मी पाहिलं" म्हणत राहा.

तुम्ही लिहिलंत, तेव्हा कोणतं कोर्ट बसलं होतं. नव्हतंच बसलं. तुमच्या वडिलांना कोणी विचारलं नाही, खरं काय. बैल बुजला होता की मुद्दाम सोडला होता. पाटलाला पाठ हवी होती, त्याने समोर होती ती सोलली. मामा, आता तुम्हाला गळा हवा आहे आणि समोर शेषरावचा आहे. मलाही तोच हवा होता. अजूनही, खोटं का बोलू, पूर्ण गेलेला नाही.

आर्टिकल चौदा मी पुन्हा वाचलं. तिथे 'शेषराव सोडून' असं कुठे लिहिलेलं नाही.

तारीख पडली की मी खामगावला येईन. शेंबी घेऊन. तुम्ही आधी बोललात तर ती मी तुमच्या हातात देईन आणि तुम्ही कोर्टाला द्या. नाही बोललात तर मी देईन. मग तुम्ही मला भाची म्हणा की म्हणू नका. आईला मी सगळं सांगितलंय. तिने माझ्या थोबाडीत मारली. मग म्हणाली, जा.

शालू

*

टाकळी
३० नोव्हेंबर १९६३

चि. शालूले आशीर्वाद.

अक्षर मामीचं हाये, बोलतो मी. माहा उजवा हात पाट्यायत बांधेल हाये. त्याचं सांगतो.

कोर्टात तू शेंबी माह्या हातात देल्ली, माही जबानी झाल्यावर तुले नागपूरची गाडी धराची होती, म्हून पुढचं तुले ठाऊक नाई. जजसाहेबाले मी म्हनलं ते तू आयकलंच: मी पाह्यलं नाई साहेब, माह्याच बैलाचं शिंग हाये. शेषराव खुनातून सुटला. दंग्याची केस चालू हाये, तिच्यात त्याचं नाव हाये, अन माह्या पुतन्याचं बी.

त्याच संध्याकाळच्या एसटीनं सोनाळ्याले उतरलो. नाल्यापाशी चौघं उभे होते. एक म्हने, "काका, पोराचं रक्त इकलं का पाटलाले?" मी म्हनलं, "बाजूले हो." त्यानं उभारी घातली. पह्यली हातावर बसली, हाड बाहीतून भायेर आलं. दुसरी बरगडीत. मले खाली पाडून तोंडात माती कोंबली. "बोल आता खरं," म्हने. पाटलाचे मानसं नोहते, शालू. आपले होते. माह्या पुढं लहानाचे मोठे झालेले.

पोलिसानं इचारलं, ओळखता का? मी चौघायचे नावं सांगतले. पुतन्याचं बी. पाटलाच्या पोराले खरं अन आपल्याले झाकन, असं कसं होईन.

आता आपल्या आळीत कोनी येत नाई. हरभरा पेराचा राह्यला, जमिनीतली वल सुकून चालली होती. हात नाई. गडी कोनी मिळत नाई, अन मिळाला तरी मानूस मारलेल्या बैलाले जुंपाले कोनी तयार नाई. सोन्या गोठ्यात बसून. त्याचं दुसरं शिंग बी मी बोडकं केलं.

परवा सकाळी शेषराव आला. फाटकातच उभा. मामी चुलीपाशी होती, तिनं फुकनी उचलली. मले वाटलं घालते त्याच्या डोक्यात.

तो म्हने, "काका, तिफन कुठं हाये?"

मी बोटानं दाखवली.

त्यानं सोन्याले सोडलं. सोन्या बुजला, शिंग उचललं. शेषराव हटला नाई, कासरा ढिला सोडून उभा राह्यला, शिंग खाली येईलोक. मंग जुंपला. दिवसभर पेरलं. वावराच्या धुऱ्यावर बसून मी त्याच्या पाठीकडं पाहत होतो.

दिवस बुडता मामीनं त्याले भाकर देल्ली. ताटात नाई, हातावर. पन देल्ली.

तुहा
गुलाबमामा